घंटेला बांधलेलं फडकं

घंटा वाजलीच नाही. गाईडने दोरी ओढली, छताच्या तुळईला टांगलेली ती हंड्याएवढी पितळी घंटा चांगली हेलकावलीसुद्धा, पण आवाज झाला तो नुसता थप्प असा, ओल्या पोत्यावर कुणी तळहात मारावा तसा. जमलेली वीस-बावीस माणसं आधी गोंधळली आणि मग हसली. गाईड सत्तरीचा चिनी गृहस्थ होता, निवृत्त इंजिनिअर, छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'अंकल गोह' लिहिलेलं. हे हसू येणार हे त्याला ठाऊक होतं. सकाळपासून हीच गंमत त्याने चार-पाच वेळा केली असणार. "व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंजिन हे," तो म्हणाला. "बॉयलरमधलं पाणी ठरल्या रेषेच्या खाली गेलं की आतला तरंगता गोळा ही तार ओढायचा आणि घंटा वाजायची. मग ड्यूटीवरच्या माणसाने उठायचं आणि पाणी सोडायचं. नाही सोडलं तर बॉयलर फुटेल, इतकी साधी गोष्ट. दुरुस्तीसाठी आम्ही वर चढलो तेव्हा लोलकाला हे फडकं बांधलेलं सापडलं. कुणी बांधलं, कधी बांधलं, देव जाणे. झोप लागत नसेल बिचाऱ्याला." पुन्हा हसू उठलं. अरुणा हसली नाही. तिचा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला आणि आतल्या फोनवर जाऊन थांबला, रडणाऱ्याच्या तोंडावर ठेवावा तसा.

जलाशयाच्या काठचं हे जुनं पंपघर वर्षातून एकाच रविवारी उघडतं आणि त्या एका दिवशी बॉयलर पेटवून इंजिन चालवतात. त्यासाठी वेबसाइटवर सोडत असते. यशोधनने, अरुणाच्या नवऱ्याने, तीन वर्षं नाव घातलं होतं आणि यंदा नंबर लागला होता. तांजोंग पगारला बँकेत दिवसभर आकड्यांशी झुंजणाऱ्या या माणसाला जुन्या दारांचं, जुन्या कड्याकोयंड्यांचं भारी वेड. "चल, तुझ्या पूर्वजांना भेटवतो," तो सकाळी म्हणाला होता, कारण अरुणाचंही आयुष्य पंपांतच गेलेलं. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका डेटा सेंटरमध्ये चौदा वर्षं ती पाणी फिरवत होती. वरच्या मजल्यांवर लोकांचे पैसे, फोटो, भांडणं, प्रेमपत्रं साठवणारी यंत्रं तापत राहतात. खालून गार पाणी चढत राहतं, गरम होऊन उतरत राहतं. पाणी थांबलं की पंधरा मिनिटांत सगळं कोलमडतं. लोकांना वाटतं, ते सगळं ढगात असतं. ते तळघरातल्या पंपांवर असतं, हे अरुणाला ठाऊक होतं. तरी ती इथे यायला तयार नव्हती. उद्या सोमवार होता, आणि सोमवारचा विचार गेले पाच आठवडे तिच्या जिभेवर गंजल्या खिळ्यासारखा बसला होता.

मग इंजिन सुरू झालं. निळ्या डगल्यातल्या दोघा स्वयंसेवकांनी चाकाला लोखंडी दांडा लावून रेटा दिला, कुठेतरी वाफ सुस्कारली, आणि दोन पुरुष उंचीचं ते चाक मोठ्या नाखुशीने, म्हाताऱ्या माणसाने जेवणावरून उठावं तसं, हललं. दट्ट्या आत गेला, बाहेर आला. गरम तेलाचा वास आला, ओल्या कोळशाचा आला. जमिनीखालून पाणी ढकललं जात असल्याचा धक्का चपलेच्या तळातून पोटरीत चढला. हळूहळू त्याला लय आली; एक जड ठोका, एक हलका, मग श्वासाएवढी फट, पुन्हा एक जड. अरुणाच्या बोटांनी ती लय तिच्या नकळत ओळखली आणि मांडीवर धरली. ती आरतीच्या टाळ्यांची होती. चौदा माणसं तिच्याच बैठकीच्या खोलीत दाटून उभी राहून टाळ्या वाजवतात, आठव्या मजल्यावर, शेजारच्या मलाय आजीबाईंना आधी सांगून, खिडक्या लावून, तशा त्या टाळ्या. गणपतीचा दुसरा दिवस, पाच आठवड्यांपूर्वीचा. संध्याकाळचे सात बेचाळीस. ही वेळ तिला नंतर पाठ झाली, कारण ती सगळ्या कागदांवर होती. तिच्या हातात तबक, तबकात निरांजन, तुपाची ज्योत एसीच्या झुळकीने कलती, म्हणून डावा तळहात आडोशाला धरलेला. तिसरी आरती चालू होती. आणि टीव्हीखालच्या कपाटावर पालथा ठेवलेला फोन गुरगुरला.

ड्यूटी तिची होती. फोन कसा गुरगुरतो यावरून तिला कळायचं की हा घरचा की पंपाचा. नियम असा की पाच मिनिटांत 'ॲक्नॉलेज' हे बटण दाबायचं, म्हणजे मला कळलं, मी बघते. ते दाबलं नाही तर निरोप आपोआप पुढच्या माणसाकडे जातो, तिथून त्याच्या पुढच्याकडे, जिना चढल्यासारखा, कुणीतरी बघेपर्यंत. दाबलं की जिना तिथेच थांबतो, आणि पंपाच्या खोलीतला भोंगाही गप्प होतो. अरुणाने तबक खाली ठेवलं नाही. आरती चालू असताना पाठ फिरवायची नसते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं, डाव्या हाताने नैवेद्य न वाढण्यासारखं. इस्लामपूरला आई दुपारी वाती वळायची, मांडीवर कापसाचा पेळू, बोटाला दुधाचा ओलावा, आणि वळता वळता गुणगुणायची,

तेवत्या निरांजनाला पाठ दावू नये बाई.

पुढची ओळही होती. ती आठवली नाही. अरुणाने झांजा वाजवणाऱ्या लेकीकडे, मैत्रेयीकडे पाहिलं, भुवई उडवली, हनुवटीने फोन दाखवला. सतरा वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांना तेवढं पुरतं. मैत्रेयीने झांजा एका हातात घेतल्या, फोन उलटा केला, अंगठ्याने दाबलं आणि पुन्हा ताल धरला. एक ठोकासुद्धा चुकला नाही. अरुणाला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. आरती झाल्यावर बघू, असं मनाशी म्हणून तिने ज्योतीवरचा हात थोडा वर उचलला. मग मंत्रपुष्पांजली झाली, मग प्रसाद, मग कुणाला मोदकात जायफळ जास्त वाटलं आणि कुणाला कमी, मग कुणाची चप्पल हरवली. आठ पंचवीसला फोन पुन्हा गुरगुरला तेव्हा तीन नंबरच्या पंपाचं सील फुटून तळघरात गुडघाभर पाणी झालं होतं आणि वरची यंत्रं एकेक करून डोळे मिटत होती.

"अरुणा, ते बघ, तेल कसं थेंब थेंब सोडतायत," यशोधन कानाशी म्हणाला. पितळी वाट्यांतून तेल गळत होतं. स्वयंसेवक बाई प्रत्येक सांध्याला हात लावून पाहत होती, ताप बघावा तसा. हाताने. अरुणाला ते पाहवेना. तिने मान वळवली तर वर घंटा दिसली, अजून किंचित हलत असलेली, तोंडात बोळा कोंबलेली. कोण असेल तो? तिने त्याला डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. चिनी असेल, तमिळ असेल, कोकणातून बोटीवर आलेला एखादा खलाशीही असेल. दुष्ट नसेलच. दुष्ट माणसाने तार तोडली असती. याने नुसतं फडकं बांधलं, नीट, दोन गाठी मारून. आणि पहिल्या दिवशी स्वतःशी म्हणाला असेल की मी जागाच आहे, मी बघतोच आहे.

अपघात कुणाच्याही हातून होतो, एवढ्यावर ती स्वतःला सोडून द्यायला तयार होती. पण त्यानंतरची ती एक ओळ. दुसऱ्या दिवशी पहाटेच घटनेचा फॉर्म भरायचा होता. डोळे सुजलेले, घरभर उदबत्तीचा शिळा वास. 'काय कारवाई केली' या चौकटीत तिने पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि पुढचं वाक्य कॉम्प्युटरने स्वतःच पुढे केलं, कारण चौदा वर्षांत ते तिने शेकडो वेळा लिहिलं होतं: साइटवरच्या टेक्निशियनला तोंडी कळवलं. शेकडो वेळा ते खरंही होतं. तिने बोट टेकवलं आणि ते वाक्य चौकटीत जाऊन बसलं. इथपर्यंत ते खोटं नव्हतं, सवय होती. खोटं नंतर झालं, दुपारी, छापील कागद पुढे आला तेव्हा. तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. समोर साहेब पेन घेऊन उभे होते. तिने खाली सही केली. कुणाला कळवलं होतं तिने? कुणालाच नाही. ज्याला कळवायचं तो सेल्वम त्या वेळी पलीकडच्या इमारतीत ठरल्याप्रमाणे फेरी मारत होता. इकडचा भोंगा गप्प होता, मग तो कशाला धावेल?

सेल्वम गेली नऊ वर्षं ठेकेदाराकडून तिच्या साइटवर होता. पुदुकोट्टईकडचा, पन्नाशीला टेकलेला. पहिल्या वर्षी तिच्या टेबलावरचा छोटा गणपती पाहून त्याने विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे पिल्लैयारला अरुगमपुल वाहतात का?" तिला शब्द कळला नाही तेव्हा तो बाहेर गेला आणि कूलिंग टॉवरच्या मागच्या गवतातून चार काड्या घेऊन आला. दुर्वा होत्या. या बेटावर दुर्वा पाकिटात मिळतात, अर्ध्या पिवळ्या पडलेल्या. त्यानंतर दर चतुर्थीला तो ओल्या टिशूत गुंडाळून जुडी आणून द्यायचा, मोजून एकवीस, तीन पात्यांच्याच. यंदाही आणली होती. त्या संध्याकाळी ज्या गणपतीपुढे तिने पाठ फिरवली नाही, त्याच्या डोक्यावर सेल्वमच्याच दुर्वा होत्या.

चौकशीत त्याला विचारलं, मॅडमनी तुला कळवलं होतं का? तो 'नाही' म्हणाला असता तर अरुणा वाद घालायला तयार होती. मनातल्या मनात तिने तो घालूनही ठेवला होता. पण सेल्वमने फोन काढून कॉल्सची यादी बघितली, खूप वेळ बघितली, आणि म्हणाला, "यात दिसत नाही. मग वॉकीटॉकीवर सांगितलं असेल. मॅडम सांगतात म्हणजे सांगितलं असेल." पुढच्या आठवड्यात तो लिफ्टपाशी तिची वाट बघत उभा होता. आवाज हळू. "मॅडम, रागावू नका. तुम्ही काय शब्द सांगितले होते? मला एकही आठवत नाही. माझ्या वडिलांना असंच सुरू झालं होतं, आधी निरोप विसरायचे, मग घर विसरले. मी आता सगळं हातावर लिहून ठेवतो." त्याने तळहात उघडून दाखवला. निळ्या शाईत बारीक तमिळ अक्षरं, घामाने फुटलेली. लिफ्टचं दार उघडलं. आणि अरुणा म्हणाली, "राहू दे, सेल्वम. होतं असं." तिने हे मायेने म्हटलं. त्या मायेचीच तिला नंतर शिसारी आली. उद्या, सोमवारी, अहवालावर शेवटच्या सह्या होत्या, ठपका सेल्वमवर. मग त्याचं कामाचं परमिट रद्द होणार आणि तो गावी परत जाणार. हातावर लिहीत, स्वतःच्या डोक्याला घाबरत.

इंजिनाची लय वाढली होती. खिडक्यांच्या काचा बारीक थरथरत होत्या. कुणाचं तरी मूल दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होतं. त्या ठोक्यांच्या फटीत, जड आणि हलक्याच्या मध्ये, कापसाचा पेळू मांडीवर फिरावा तसं काहीतरी फिरलं, आणि इतकी वर्षं अर्धी राहिलेली ओवी आपल्या पायांनी चालत आली,

तेवत्या निरांजनाला पाठ दावू नये बाई,
दारातल्या हाकेला उशीर लावू नये बाई.

आई दोन्ही ओळी एकाच दमात म्हणायची. मधे श्वास घ्यायची नाही. अरुणाने फक्त सोयीची तेवढी जवळ ठेवली होती.

"मला बाहेर जायचंय," ती म्हणाली.

बाहेर पावसाळी उकाडा होता. मोठ्या रेन ट्रीखाली बाकं मांडली होती. पाण्यापलीकडे नव्या कॉन्डोंच्या, उंच इमारतींच्या काचा चमकत होत्या आणि जलाशय इतका निश्चल की जणू त्याला कुणी कधी ढकललंच नसावं. यशोधन बार्लीच्या थंड पाण्याचे तीन ग्लास घेऊन आला. "गरगरलं का? आत भट्टीच आहे."

"उद्याची मीटिंग आहे."

"अजून तेच धरून बसलीयस? तू कळवलंस, त्याने ऐकलं नाही. कागदावर आहे सगळं. वाईट वाटतं, कबूल. त्याला जाताना काहीतरी चांगलं देऊ. पण तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

त्यांच्या मागोमाग बाहेर आलेली मैत्रेयी बर्फ चावत होती. झांजांच्या ठोक्याला न चुकलेला तो अंगठा आता ग्लासवरचं दव पुसत होता. ती वर न बघता म्हणाली, "आई, दॅट डे मी दाबलं होतं, नो? आरतीच्या वेळी. तोच पंप होता का?"

"कुठला गं?" यशोधनने विचारलं.

"फोनवर आलं होतं. आईने असं केलं," तिने भुवई उडवून दाखवली, हुबेहूब, "सो आय प्रेस्ड लाह. तेव्हापासून मी थिंक करतेय, माझ्यामुळे झालं का म्हणून. पण मग यू कॉल्ड सेल्वम अंकल, राइट? आफ्टर दॅट?"

म्हणजे ही पाच आठवडे एकटीच हे घेऊन हिंडत होती. कॉलेजला जात होती, एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या झोपत होती, पोहे नको म्हणत होती. आणि अरुणाने ते परीक्षेच्या खात्यावर टाकलं होतं. आतून इंजिनाचा ठोका येत होता, भिंतीमुळे मऊ झालेला. सोपं होतं. 'हो' म्हणायचं, एक अक्षर, अंगठ्याने दाबावं इतकं हलकं. पोरगी मोकळी झाली असती. वाक्य तयारच होतं, नेहमीसारखं स्वतःहून पुढे आलं होतं.

"नाही," अरुणा म्हणाली.

"व्हॉट नाही?"

"मी सेल्वमला फोन केला नाही. कुणालाच केला नाही. मी विसरले. तू फक्त दाबलंस, मी सांगितलं म्हणून. तुझं त्यात काही नाही."

यशोधनने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर एक जोडपं सँडविच खात होतं, त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला. "अरुणा, हळू. हे... तू सही केलीयस. उद्या हे म्हणालीस तर तुला ठेवतील का? चौदा वर्षं, अगं."

"ठाऊक आहे."

"मला तरी सांगायचंस."

तो रागावला नव्हता, दुखावला होता, आणि तेही खरंच होतं. तिने फोन काढला, उठली आणि झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन उभी राहिली. आधी साहेबांना नाही. आधी त्याला. तिसऱ्या रिंगला सेल्वमने उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी तमिळमध्ये भांडत होतं. रविवार, कामगारांच्या डॉर्मिटरीतला स्वयंपाक.

"मॅडम. जेवलात?"

"सेल्वम, ऐक. त्या दिवशी मी तुला कळवलं नव्हतं. फोनवर नाही, वॉकीटॉकीवर नाही. कसंच नाही. मी खोटं लिहिलं."

भांड्यांचा आवाज लांब गेला. तो चालत बाहेर आला असावा. तिने शिव्या ऐकायची तयारी केली, खरं तर तिला त्या हव्या होत्या.

"नक्की, मॅडम?"

"नक्की."

"मग माझं डोकं ठीक आहे," तो म्हणाला. तिला नव्हे, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगितल्यासारखं. पुन्हा एकदा म्हणाला, आपल्या भाषेत. मग त्याने नाक शिंकरलं. "मॅडम, पोरीने मला डोक्याचा एमआरआय करायला सांगितलाय. गावाला. आता गेल्यावर. नंबर लावून ठेवलाय. आता तिला सांगतो, रद्द कर." मग म्हणाला, "साहेबांना नका सांगू. तुम्हाला त्रास होईल. माझे तसेही किती दिवस राहिलेत? मी जातो. डोकं ठीक आहे ना, बस."

हे तिला अपेक्षित नव्हतं. तो तिला सोडून देत होता. नऊ वर्षं दुर्वा मोजून देणाऱ्या माणसाने हेही मोजून, ओल्या टिशूत गुंडाळून तिच्या हातात ठेवलं होतं. घेतलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. आता तर त्याची परवानगीही होती. झाडाच्या खरखरीत सालीवर मुंग्यांची ओळ वर चढत होती, एकीला ओलांडून दुसरी. "राहू दे, सेल्वम," असं तिच्या तोंडाशी आलं आणि ते तिने गिळलं. "मी तुला संध्याकाळी फोन करते," ती म्हणाली. "कळवायला."

आत इंजिन थांबवत होते. चाक मंदावलं, ठोक्यांमधली फट वाढत गेली, शेवटच्या ठोक्यानंतरची फट संपलीच नाही. मग अंकल गोहचा आवाज आला, दिवसाच्या शेवटी एकदाच आम्ही फडकं सोडतो, कान सांभाळा. अरुणाने साहेबांच्या नावाचा मेल उघडला होता. तिने पहिली दोन अक्षरं लिहिली आणि फोनने पुढचं वाक्य पुढे केलं, तेच, जुनं, आज्ञाधारक. तिने ते पुसलं. पुन्हा लिहू लागली, तर पुन्हा आलं. मग तिने एकेक अक्षर, शाळेत मूल गिरवतं तसं, स्वतःच्या बोटाने लिहिलं. चार ओळी झाल्या. कळवलं नाही, ही तिसरी.

घंटा वाजली. पंपघराच्या भिंती ओलांडून, पाण्यावरून, कॉन्डोंच्या काचांवर आदळून परत आली. बाकावरच्या बाईच्या हातातून सँडविच निसटलं. सरळ हाडात शिरणारा तो आवाज काही गोड नव्हता. कुणाला झोपेतून उठवायलाच केलेला होता. तो विरायच्या आत अरुणाने 'पाठव' दाबलं.

ती बाकापाशी आली. यशोधनने सरकून जागा केली. बार्लीतला बर्फ विरघळून गेला होता. तिने फोन मधे, बाकावर, पालथा ठेवला, आणि तिघंही त्याच्याकडे बघत बसली. सहा-सात मिनिटं गेली असतील. मग तो लाकडावर गुरगुरला. रविवारी, इतक्या लवकर, साहेबच.

मैत्रेयीचा हात सवयीने पुढे झाला.

"नको," अरुणा म्हणाली. "मी बघते."